पूल पाडला त्या दुपारी

निकेश गोपिकाचं शिलाई मशीन परत द्यायला देवळीला तिच्या माहेरी आला, तेव्हा ती लॅपटॉपपुढे बसली होती. टेम्पोचा आवाज ओळखीचा, तरी ती उठली नाही. तिचे वडील भैय्याजी वांगी घेऊन बाजारात गेले होते. दार तिच्या आईनं, शोभाबाईंनी उघडलं, आणि ज्या जावयाला आजवर आग्रह करकरून वाढलं त्याला आता पाणी तरी विचारावं का, या घोटाळ्यात त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

लग्न भांडून मोडलं नव्हतं. गोपिकाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. पुलगावला निकेशच्या आईकडे तेवढा धीर नव्हता. तिनं हिंगणघाटची एक मुलगी हेरून ठेवली, आणि घरात कधी उलट बोलायची सवय नसलेला निकेश याही वेळी गप्प बसला. दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. गोपिकानं सही केली, एवढीच तिची संमती.

लॅपटॉपवरचा हा लढाईचा खेळ तिला निकेशनंच शिकवला होता. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात त्याचं कापडाचं दुकान दुपारी बंद असायचं, त्या वेळात. नकाशावर दहाबारा देश. आपण आपली चाल करायची आणि थांबायचं, मग बाकीचे आपापली चाल करणार. निकेश दरवेळी सगळ्यांत छोटा देश घ्यायचा. नदीकाठी एक किल्ला, एक गाव, बोटभर शेती.

"मोठा देश घेऊन तं कोणीबी जिंकते," तो म्हणायचा.

शेजारचं साम्राज्य खंडणी मागायचं. गोपिका घाबरून म्हणायची, "देऊन टाका ना." तो मान हलवायचा. "नाई म्हंजे नाई. मेलो तं चालते." त्या देशाला घेऊन ते एकदाही जिंकले नव्हते, पण शरणही गेले नव्हते. माहेरी आल्यावर दोघांचा अर्धवट राहिलेला शेवटचा डाव तिनं एकटीनं चालू ठेवला होता.

मशीन उतरवून निकेश जायला वळला, आणि पडद्याकडे नजर जाताच थबकला.

"हा आपलाच डाव हाय?"

"हो."

"अजून जित्ता हाय?"

"मी मरू देल्ला नाई."

त्यानं खुर्ची ओढली. साम्राज्याची सगळी फौज पूल ओलांडून अलीकडे आली होती आणि किल्ल्याला वेढा घालून बसली होती. गोपिकाचे मूठभर घोडेस्वार तेवढे पलीकडच्या जंगलात होते.

"पूल पाड," तो म्हणाला.

"आपलं धान्य त्याच पुलावरून येते."

"नाई येत तं नाई येत. किल्ला धरते थोडा दम. ते सारे इकडं अडकतीन, तिकडं त्यायची राजधानी उघडी पडली हाय, पाह्य ना!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस तिला पुलगावच्या घरात कितीतरी दिवसांत दिसला नव्हता. तिनं पूल पाडला.

मग एकेक चाल. तटबंदी ढासळत गेली, कोठारं रिकामी झाली, घोडेस्वार पुढे सरकत राहिले. किल्ल्याचा एकच बुरूज उरला होता, तेव्हा ते राजधानीत शिरले. नकाशावरचं निशाण बदललं आणि लॅपटॉपमधून नगारे वाजू लागले.

"जिंकलो वं गोपे!" निकेश ओरडला. त्यानं तिचे दोन्ही हात धरले होते.

चहा घेऊन आलेल्या शोभाबाई ते धरलेले हात पाहून दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, की गोपिकाला तो पाहवेना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इथं तुमी कोणाले कधी शरण गेले नाई. घरी काऊन गेले?"

त्याची पकड सैल झाली.

"इथं समोर माय नव्हती ना," तो म्हणाला.

खिशातला फोन वाजला. त्यानं उचलला. "हो माय. निघूनच राह्यलो."

चहा त्यानं उभ्यानंच घेतला, घाईघाईनं, जीभ पोळेस्तोवर. दाराशी सवयीनं तो "येतो" म्हणायला गेला, ते त्याच्या लक्षात आलं, आणि अर्धा शब्द तोंडात धरूनच तो टेम्पोत बसला.

भैय्याजी रिकामे कॅरेट घेऊन परतले, तेव्हा गोपिका तिथंच बसून होती.

"काय झालं वं, बाई?"

"जिंकलो, बाबा."

"कोण?"

"आमी दोघं," ती म्हणाली, आणि तिला इतका वेळ थोपवून धरलेलं रडू कोसळलं. भैय्याजींना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. ते मातीचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ खाली बसले.