आईच्या खिशातली सुई

मी आईला भेटायला रविवारीच जायचे. त्या बुधवारी वीज गेली, मी शिकवते ती शाळा दहालाच सोडावी लागली, म्हणून मी सरळ आग्वादा गावातल्या वृद्धाश्रमात गेले. दार आईनंच उघडलं. अंगात पांढरा कोट, खिशाला पेन.

"कोणाकडे आलात? भेटायची वेळ दोननंतर," ती म्हणाली.

चौतीस वर्षं ती मायाग्वेझ शहरातल्या इस्पितळात नर्स होती. आता तिला माझं नावही आठवत नाही. मी काही बोलायच्या आत ती वळली आणि पूर्वीसारखी झपाझप चालत आत गेली. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

आत सत्तावीस म्हातारी माणसं आणि त्यांना बघायला एकटी नर्स विल्मारी. ती मागच्या खोलीत ओल्या चादरी काढत होती. डोळे सुजलेले.

"आईला तो कोट कोणी दिला?"

"मीच दिला, ताई." तिनं हातातली चादर सोडली नाही. "कालच्या सकाळपासून घरी गेले नाही मी, सुटका करायला कोणी नाही. माझ्याबरोबरची इवेलिस गेल्या महिन्यात नोकरीसाठी ओरलँडोला गेली, बाकीच्या दोघी नर्स त्याआधीच. कोट घातला की तुमच्या आई, प्रोविदेन्सिया मावशी, शांत असतात. लोकांना पाणी देतात, भरवतात. औषधाला हात लावत नाहीत."

मी तशीच हॉलमध्ये आले आणि आईचा कोट काढायला लागले. खिशातलं काहीतरी बोटाला टोचलं. इन्सुलिनची वापरलेली सुई होती.

"हे कोणाला दिलंस?"

"नऊ नंबरला. सकाळचं राहिलं होतं."

विल्मारी माझ्या मागेच आली होती. "नऊ नंबरला मी आठ वाजता दिलंय," ती म्हणाली.

नऊ नंबर म्हणजे एलेउतेरिओ आजोबा. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांचा सदरा घामानं चिंब झाला होता, जीभ अडखळत होती. आम्ही पोचायच्या आत आई तिथं होती.

"साखर उतरलीय याची. बघत काय उभ्या राहिलात? साखर आणा."

तिनं त्यांना कुशीवर वळवलं, ओली साखर बोटानं हिरड्यांना चोळली. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "दोनदा दिलंय कोणीतरी. असल्या नर्सला मी वॉर्डात उभं करत नाही."

विल्मारी रुग्णवाहिकेला फोन करायला धावली. सुई माझ्या मुठीत होती.

रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. आजोबा वाचले.

मी मालकांना फोन लावला. काय काय सुनवायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, एक नर्स आणून द्या, उद्या कामावर घेतो." मी फोन ठेवला.

तक्रार मी केली. सरकारी माणसं आली, औषधांच्या फ्रिजला कुलूप लागलं. नर्स काही आली नाही. आठवड्याभरात विल्मारीही गेली आणि मालकांनी आश्रम बंद केला. आई आता माझ्याकडे असते. शाळेच्या वेळात शेजारच्या लुस्मिला तिच्यापाशी बसतात. मधुमेह त्यांनाही आहे. त्या आपलं इन्सुलिन घरीच ठेवून येतात, आणि आल्याबरोबर मला पर्स उघडून दाखवतात.