दिसणारं बोलणं

विणाई खात्यात तीस वर्षं काढून काय मिळालं, असं कुणी मानाजीरावांना विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, कान गेले आणि डोळे मिळाले. निरोपाच्या दिवशी गिरणीने हार आणि भिंतीवरचं घड्याळही दिलं होतं. हार संध्याकाळी सुकला आणि घड्याळ आठवड्याने बंद पडलं, त्यामुळे ते धरायचं कारण नाही.

शेकडो माग एकदम सुरू झाले की शेजाऱ्याने कानात ओरडून सांगितलेलंही ऐकू येत नाही. म्हणून मद्रासच्या त्या गिरणीतले विणकर आवाज न काढता, तोंड चांगलं मोठं करून बोलायचे आणि समोरचा ओठ बघून समजून घ्यायचा. शिव्या, थट्टा, मुकादम म्हणजे जॉबर येतोय ही खबर, सगळं ओठांवर. मानाजीराव त्यात इतके तयार झाले, की चार रांगांपलीकडच्या माणसाचं घरचं भांडणही त्यांना कळायचं. एक रीत मात्र सगळे पाळायचे. कुणी खांद्यावरचं फडकं तोंडावर धरलं, तर त्याला काही विचारायचं नाही. त्याचं दुःख त्याच्यापाशी. त्या धडधडाटात माणसाला एवढीच काय ती आडोशाची जागा होती.

कान असे हळूहळू गेले, की खात्यात ते गेल्याचं त्यांना जाणवलंच नाही. जाणवलं ते घरी. कारण गिरणीतले ओठ तमिळ बोलायचे आणि घरात चालायची ती तंजावरहून आणलेली मराठी. त्यातून बायको सकवारबाई तोंडातल्या तोंडात बोलणारी. तिचे ओठ त्यांनी वर्षानुवर्षं निरखले, पण काही म्हणता काही उमगेना. ज्या भाषेत आईने निजवलं, ती आपल्याच घरात परकी व्हावी, याचा कुणालाही संताप येईल. मानाजीरावांनाही यायचा. पण चिडायचं कुणावर? हळूहळू घरचे त्यांच्याशी तमिळ बोलायला लागले आणि मराठी त्यांच्या ताटावरून इकडून तिकडे जाऊ लागली.

मुलगी अंबुजा मात्र लहानपणीच गिरणीचं बोलणं शिकली. शाळेतून येताना ती रस्त्यापलीकडूनच बिनआवाजी विचारायची, "अप्पा, खाऊ काय आणलात?" आणि तेही तसंच उत्तर द्यायचे. फडक्याची रीतही त्यांनीच तिला सांगितली होती. शेजाऱ्यांना वाटायचं, बापलेक खुळे आहेत. वाटेना का! मानाजीरावांच्या लेखी गिरणीने दिलेल्यातलं हेच काय ते कामाचं होतं.

१९५८ च्या उन्हाळ्यात अंबुजाला एकोणतिसावं लागलं. आधीची चार स्थळं येऊन, केसरी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाऊन, परत फिरली होती. पत्रिका जुळत नाही, असं सकवारबाईने नवऱ्याला सांगितलं होतं. पाचवं स्थळ मद्रासच्याच टी. नगरचं, तंजावरकडच्याच मराठी घरातलं. मुलगा विद्याधर एका कचेरीत कारकून होता. अंगाने बारीक, बोलायला गरीब. आज ती माणसं घरी आली होती आणि तांबुलाची ताटं बदलायची होती. ताटं बदलली की शब्द दिला, मग मागे फिरणं नाही.

खाणं झाल्यावर मुलाचे वडील अनंतकृष्णराव आणि काका कृष्णकांत हात धुवायला मागच्या नळावर गेले. मानाजीराव खिडकीशी होते. ते दोघं सवयीने आपसात तमिळच बोलत होते.

"पुन्हा इंजेक्शनं सुरू केलीयत," अनंतकृष्णरावांचे ओठ म्हणाले. "आडी महिन्यात लग्नं होत नाहीत, तो लागायच्या आत उरकू या. परत रक्त पडलं तर पोराला छातीच्या इस्पितळात ठेवावं लागेल."

"म्हाताऱ्याला सांगितलंय?"

"छे! त्याला कुठे काय कळतंय."

मानाजीराव घाबरले. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत थोडा आनंदही होता. बहिरा म्हणून ज्याला कोपऱ्यात बसवतात, तोच आज पोरीला वाचवणार होता. तीस वर्षांचं शिक्षण आज फळाला येणार होतं. ते तडक स्वयंपाकघरात गेले. आपला आवाज किती मोठा निघेल याचा भरवसा नव्हता, म्हणून बायकोच्या कानाशी वाकले.

"विद्याधरला क्षय आहे. लपवतायत लेकाचे. ताट घ्यायचं नाही."

सकवारबाईने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग तोंड मोठं करून, सावकाश, तमिळमध्ये म्हणाली, "ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"महिना झाला असेल."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुमच्यासमोरच बोलत होतो की, मराठीत. रोज जेवताना."

मानाजीरावांना ती जेवणं आठवली. मायलेकींचे ओठ हलत होते, मध्येच अंबुजा हात थांबवून बसली होती आणि आपण मुकाट्याने भात कालवत होतो. एकदा तर आपण सार छान झालंय म्हणालो होतो.

"पोरीला याच्या गळ्यात बांधतेस?"

"मी नाही. तिनेच होकार दिलाय." सकवारबाईचे डोळे भरले, पण ओठ स्पष्ट हलत राहिले. "चार स्थळं का मोडली, माहीत आहे? बहिरेपण रक्तातलं असेल, नातवंडं बहिरी निघतील, असं म्हणाले. गिरणीत कान गेले म्हणून परोपरीने सांगितलं. पटतंय कुणाला? या लोकांनी तुमचे कान चालवून घेतले. आपण त्यांच्या पोराची छाती चालवून घेतली."

मानाजीरावांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कानांची लाज वाटली. इतकी वर्षं ते समजत होते, की आपलं आपण भोगतोय.

बाहेरून बोलावणं आलं. चटईवर समोरासमोर ताटं मांडली होती, विड्याची पानं, सुपारी, हळद, नारळ. विद्याधर खाली मान घालून बसला होता आणि रुमालात खोकत होता. अंबुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मानाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत, बिनआवाजी, तोंड मोठं करून म्हणाले, "नको म्हण. फक्त नको म्हण, मी उठतो."

कृष्णकांतला वाटलं, म्हातारा जांभई देतोय.

अंबुजाला मात्र शब्द न् शब्द कळला. तिचे ओठ उघडले. मानाजीराव ते ओठ बघत होते.

तिने पदर ओढून तोंडावर धरला.

पदरामागे काहीतरी हलत होतं. ते हो होतं की नको, हे त्यांना दिसलं नाही, आणि आता विचारायचं नव्हतं. मानाजीरावांनी ताट उचललं आणि अनंतकृष्णरावांच्या हातात दिलं.