भोंग्याने रस्ता पाहिला

भोंग्याचं खरं नाव फक्त त्याच्या ट्रकच्या कागदपत्रांत उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी तो भोंगाच, कारण त्याने कुणाच्या कानात काही सांगितलं तरी ते चौकापर्यंत ऐकू जायचं. त्याचं पालुपदही ठरलेलं. "रस्ता कुणाच्या पैशाने होतो? माझ्या! गाडीचा कर कोण भरतं? मी! लहान गाडीवाल्यांच्या कितीतरी पट!"

इथवर ठीक होतं, बोलतो बापडा. पण महिन्यापूर्वी गड्याने कहरच केला. त्याचे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, कुलपं दुरुस्त करायची पेटी मागे बांधून सायकलवरून चालले होते. अगदी गरीब गाय माणूस. याने मागून हॉर्न ठोकला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि भर बाजारात ओरडला, "फुटकी कवडी भरत नाही आणि रस्त्याच्या मधोमध! व्हा बाजूला, माझ्या पैशाचा रस्ता आहे!"

भाऊजी मुकाट्याने खाली उतरले. ताईने मात्र त्याच संध्याकाळी भावाला सांगून टाकलं, "यांची माफी मागशील तेव्हाच माझ्या दारात पाऊल टाक." ताईशिवाय भोंग्याला जगात कुणी नव्हतं. महिनाभर त्याला अन्न गोड लागेना. पण माफी? आणि तीही आपण बरोबर असताना? छे!

अशात रस्ते खात्याच्या इंजिनियर बाई आल्या. बाजाराजवळचा रस्ता वजनाखाली किती दबतो ते त्यांना मोजायचं होतं, आणि त्यासाठी भरलेला ट्रक हवा होता. भोंग्याने आपला ट्रक फुकट दिला आणि भाऊजींना निरोप धाडला, "बघायला या. रस्ता माझ्या चाकाखाली केसभर जरी दबला, तरी माफी मागेन. नाही दबला, तर ताईने दार उघडायचं." हरण्याचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षं त्याने रस्ते तुडवले होते. दगड तो दगड, दबतोय कसला!

रविवारी सकाळी वाळूची पोती भरून, काट्यावर तोलून ट्रक उभा राहिला. भाऊजीही सायकल घेऊन आले होते. मागच्या जोडचाकांच्या मधल्या फटीत बाईंनी एक लांबलचक दांडी सरकवली. तिचं एक टोक रस्त्याला टेकलेलं, दुसऱ्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. "आता गाडी हळूच पुढे न्या," बाई म्हणाल्या.

भोंग्याने गाडी पुढे नेली, उडी मारून परत आला. बाईंनी वहीत आकडा लिहिला होता.

"पाऊण मिलिमीटर."

"म्हणजे?"

"तुमच्या चाकाखाली रस्ता तेवढा खाली गेला होता. तुम्ही निघालात आणि तो वर आला."

"काय थापा मारताय!" भोंग्याने भाऊजींकडे संशयाने पाहिलं. "तुम्ही फितवलंत बाईंना!"

बाई हसल्या. "तुम्ही इथे पालथे पडा. गाडी मी हलवते."

आजवर त्या स्टिअरिंगला परक्याचा हात लागला नव्हता. पण भोंगा इरेला पेटला होता. त्याने किल्ली दिली आणि भर रस्त्यात पोटावर आडवा झाला, डोळे तबकडीला लावून. इंजिन घरघरलं. चाकं इंचभर हलली, आणि सुई चालू लागली.

ती थरथरली नाही, उडाली नाही. सावकाश, एका लयीत फिरत राहिली. चाकं लांब गेली तरी फिरतच होती, आणि मग शांतपणे थांबली. भोंग्याने रस्त्यावर तळहात टेकला. तोच काळा, तापलेला, खरबरीत रस्ता.

"अरे बापरे," भोंगा पुटपुटला. "हा तर उठतो!"

पुन्हा बघायचं म्हणाला. मग आणखी एकदा. पाचव्यांदा तर त्याने बाजारातल्या एका भाजीवालीलाही ओढून आणून खाली वाकायला लावलं. गाडी चालवणारा पुढे बघतो. मागे रस्ता काय करतो, हे तीस वर्षांत त्याला दिसलंच नव्हतं.

मग भाऊजींनी दांडीच्या टोकाला खेटून आपली सायकल नेली, पेटीसकट. सुई जागची हलली नाही.

"चाकांवरचं वजन दुप्पट झालं," बाई म्हणाल्या, "की झीज दुप्पट नाही होत. सोळापट होते. रस्ता वर येतो खरा, पण दर वेळी किंचित थकून."

भोंगा मटकन रस्त्याच्या कडेला बसला. सोळापट! कुठल्या तोंडाने तो कराच्या पावत्या नाचवत होता?

भाऊजी शेजारी टेकले. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "माझ्या घराच्या विटा तुझ्याच गाडीतून आल्या ना? त्या मी सायकलवरून आणणार होतो थोडाच! त्या दिवशी रस्ता दबला तो माझ्याही नावावर मांड."

महिनाभर ज्याचा अपमान मिरवला, तो माणूस आपलाच वाटा उचलत होता. भोंगा उठला आणि भाऊजींच्या सायकलमागून चालत निघाला.

ताईने दार उघडलं. भाऊ उंबऱ्याबाहेर उभा, कपडे धुळीने माखलेले, डोळे भरलेले.

"काय रे, पडलास की काय कुठे?"

"ताई, मी आज रस्ता पाहिला," तो म्हणाला. "मी अंगावर गेलो की तो खाली जायचा गं. आणि मी पुढे गेलो की गुपचूप वर यायचा. तीस वर्षं! एकदाही हूं की चूं केलं नाही त्याने."

ताईने सायकल भिंतीला लावणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मग असा एक रस्ता घरातही होता की रे," ती म्हणाली. "तुला दिसला नाही एवढंच."

भोंगा भाऊजींकडे वळला. "चुकलो," एवढंच म्हणाला.