शंकेचं कलम

"शंभरातून सात वजा करा. उरतील त्यातून पुन्हा सात. असं मागे मागे या," डॉक्टर पेल्टो म्हणाली आणि तिने नजर टेबलाकडे वळवली.

आर्विड ट्वेटने आधी तिच्याकडे, मग खिडकीशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे, लोर्नाकडे पाहिलं. बाहेर डुलूथचं बंदर गोठलं होतं. तिथल्याच धक्क्यावर खनिज वाहणाऱ्या बोटी दोरांनी बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. "त्र्याण्णव," तो म्हणाला. "शहाऐंशी." पुढे अडखळला, ओठ ओले करून पुन्हा चालू लागला. मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि काटे काढले.

लोर्नाला ते बघवेना. पण ही तपासणी तिनेच मागितली होती.

ती मिनिआपोलिसला कायदा शिकवायची. रुग्णाने नको म्हटलं की ते नकोच मानावं, ही गोष्ट तिने आयुष्यभर लिहिली, भाषणांतून सांगितली, आणि राज्याने तसा कायदा करायचं ठरवलं तेव्हा मसुदाही तिच्याच हातचा होता. त्यात एक कलम तिने आग्रहाने घातलं होतं. रुग्णाच्या मनःस्थितीबद्दल जवळच्या माणसाला शंका आली, तर तपासणी होईपर्यंत उपचार थांबवू नयेत. सुनावणीच्या दिवशी चाकांच्या खुर्चीतला एक माणूस म्हणाला होता, "बाई, हे कलम आमच्या घरचेच आमच्यावर चालवतील." लहान मुलाची समजूत घालावी तशी ती हसली होती. माया करणारी माणसं असं करत नाहीत, हे तिचं उत्तर समितीला फार आवडलं होतं.

नाताळानंतर आर्विडने तिला शांतपणे सांगितलं, की रक्त शुद्ध करणाऱ्या त्या यंत्राला आता तो कंटाळलाय, पुरे झालं. लोर्नाने दुसऱ्याच दिवशी पेल्टोला फोन केला. पेल्टो तिची जुनी विद्यार्थिनी. आई गेल्यापासून वडील खचलेत, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका, असं लोर्नाने तिला सांगितलं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आर्विड अजून शेजाऱ्यांना पत्त्यांत हरवत होता आणि हरणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करत होता. हे सारं लोर्नाला ठाऊक होतं.

"त्यांना सगळं नीट कळतंय, प्रोफेसर," पेल्टो म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवंय का? कायद्याने तुम्हाला ते मागता येतं. तोवर उपचार चालू राहतील."

तीही सोय लोर्नानेच ठेवली होती. 'हो' अगदी ओठांवर आलं.

"धक्क्यावर मुकादम असेच प्रश्न विचारायचा," आर्विड म्हणाला. "कुणी पिऊन आलंय का ते बघायला. मी कधी घाबरलो नाही. आज घाबरलो, पोरी. वाटलं, एक आकडा चुकला तर तू मला जाऊ देणार नाहीस."

लोर्नाने मान हलवून नको म्हटलं. पेल्टोकडे तिला बघवलं नाही.

घरी परतताना चढावर गाडी बर्फात घसरली, तशी तिने ती कडेला घेतली. स्टीअरिंगवर हात तसेच ठेवून ती म्हणाली, "पपा, मी त्यांना खोटं सांगितलं. तुम्ही आईमुळे खचलात म्हणून."

"माहितीये. डॉक्टरबाईंनी विचारलं मला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, हो, तिची आठवण येते. रडूही येतं कधीकधी." तो समोरची काच पुसत राहिला. "तुला खोटं पाडू का तुझ्या विद्यार्थिनीसमोर?"

डॉक्टरला हे सांगताना आपण नापास होऊ शकतो, हे त्याला कळत होतं. लोर्नाने माफी मागितली. आधी गाडी चालू कर, इथे थंडी वाजतेय, एवढंच तो म्हणाला.

पुढे वसंतात ती समितीपुढे उभी राहिली आणि ते कलम काढा म्हणाली. गैरवापराचं उदाहरण मागितलं, तेव्हा तिने वडिलांचं नाव सांगितलं, आणि तपासणी मागणारी म्हणून स्वतःचंही. कलम निघालं नाही. त्यातला एक शब्द तेवढा बदलला.

पण तपासणीच्या त्या संध्याकाळी आर्विड हयात होता, घरी होता, आणि उद्या यंत्राकडे जायचं नव्हतं. त्याने खारवलेल्या हेरिंग माशाची बरणी काढली. मीठ त्याला कितीतरी दिवस वर्ज्य होतं. राय धान्याच्या काळपट पावावर त्याने मासा ठेवला, वर कांदा ठेवला आणि डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा तुकडा घेण्यासाठी त्याने काटा बरणीत घातला.

लोर्नाचा हात सवयीने बरणीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. तिने तो मागे घेऊन मांडीवर ठेवला, आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

"तू घेणार?" आर्विडने विचारलं.