साधना मोठ्यानं बोलते

आतल्या खोलीत लेक एकटीच बोलताना ऐकू आली अन् इंदूबाईची भाकर तव्यावरच राहिली.

"साधने, कोनाशी बोलून राह्यली वं?"

"माह्याशीच, माय. पाठ घोकून राह्यली."

इंदूबाईला धडकी भरणारच. तीन वर्षांपूर्वी साधना अशीच भिंतीकडं तोंड करून बोलायला लागली होती. कानात माणसं बोलतात म्हणायची. झोप गेली, आयटीआय सुटलं, शेवटी यवतमाळला दवाखान्यात भरती करावं लागलं. आजार निघाला स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी आवाज थांबले, पण डोकं पहिल्यासारखं चालेना. मीठ आणायला दुकानात जायची अन् आपण कशाला आलो तेच तिथं आठवत नसे.

डोक्याचा एमआरआय झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "या आजारात काही तरुणांच्या मेंदूचे काही भाग थोडे पातळ दिसतात. पण एका फोटोवरून ही मुलगी पुढं काय करू शकेल, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

सोबत आलेल्या उकंडाकाकानं, तिच्या चुलत्यानं, त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं. "मेंदू पातळ झाला पोरीचा," गावभर सांगत सुटला. "आता शिकवून काय फायदा?"

साधनानं उरलेलं ऐकलं होतं. त्याच दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी तिला एक रीत शिकवली. कामाला हात लावण्याआधी प्रत्येक पायरी तोंडानं म्हणायची. आधी मोठ्यानं, मग हळू, मग मनात. साधनाचं गाडं 'मोठ्यानं'पाशीच अडलं. मनातलं निसटून जायचं, कानानं ऐकलेलं टिकायचं. तेवढ्या भांडवलावर ती पुन्हा वायरमनच्या वर्गात जाऊन बसली. पोरं तिला रेडिओ म्हणायला लागली. तिचा चेहरा लाल व्हायचा, आवाज मात्र खाली यायचा नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला लाकडी बोर्डावर जिन्याची वायरिंग करायला आली. दिवा खालच्या बटणानं लावायचा, वरच्यानं बंद करायचा.

"मेन बंद. टेस्टर लावून पाह्यला. आता फेज पहिल्या बटणाले..."

बाहेरून आलेले परीक्षक थांबले. "ए मुली, मनातल्या मनात."

"मनातल्या मनात जमत नाही, सर."

"मग बोर्ड घेऊन व्हरांड्यात बस."

वर्गाचे सर मागून खुणा करत होते, जा म्हणून. साधनानं पेचकस खाली ठेवला. ती परीक्षकांकडं वळली.

"व्हरांड्यात नाही जात. मले स्किझोफ्रेनिया आहे. गोळी चालू आहे. डोक्यातून निसटते म्हणून तोंडानं बोलून राह्यली. कोनाले त्रास होत असंल तर त्यानं कानात कापूस घालावा. आपल्या इकडं कापसाची काही कमी नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांनी घड्याळाकडं पाहिलं.

"वेळ वाढवून मिळणार नाही."

"मागितलाच नाही, सर."

वायरच्या शेवटच्या क्लिपा ठोकायच्या राहिल्या अन् वेळ संपला. त्याचे मार्क गेलेच. दिवा मात्र खालून लागला, वरून विझला. बघायला कोणी थांबलं नव्हतं, तरी तिनं तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

निकाल लागला. "काठावर पास," काका म्हणाला.

"तरी पास ना?" इंदूबाईच त्याच्यावर उखडली. साधना मायकडं बघतच राहिली.

यवतमाळजवळ लोहाऱ्यात ती काम मागायला गेली. पहिल्या कारखान्यात आजाराचं नाव ऐकून तिला चहा पाजला अन् कळवतो म्हणाले. कळवलं नाही. इंदूबाई म्हणाली, "पुढच्या ठिकाणी सांगू नको वं." साधनानं तिथंही सांगितलं. फोरमननं तिच्याकडून विजेचं एक पॅनल जोडून घेतलं, तिची सगळी बडबड ऐकत.

"शिकाऊ म्हणून ये सोमवारपासून," तो म्हणाला. "जमलं नाही तर काढून टाकीन."

"काढा. पण दवाखान्याच्या तारखेले सुट्टी लागंल, ते आत्ताच सांगून ठेवलं."