एफच्या वाटेला

दुसऱ्यांच्या तोंडात कवळ्या चपखल बसवण्यात त्याची हयात गेली, पण स्वतःचं एक बोट काही केल्या बसेना. गिटारवर एफ नावाचा कॉर्ड वाजवायचा तर डाव्या हाताची तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून दाबावी लागते. त्याच्या पेरांमधल्या खळगीत एखादी तार हमखास निवांत पडून राहायची आणि छेडली की घसा बसल्यासारखी घरघरायची.

"काका, बोट आहे ते, लाटणं नाही," शिकवायला येणारी शेजारची मुलगी म्हणायची. "जरा कडेवर कलवा."

काकांनी बोट कलवलं, मनगट कलवलं, एकदा तर खुर्चीसकट कलंडले. एफ वाजला नाही. बोटाऐवजी तारा दाबून पट्टी चढवणारा बाजारातला चिमटा, कॅपो, मेव्हण्याने दिलेल्या रुंद मानेच्या गिटारला पुरत नव्हता.

मग त्याने सोपा मार्ग काढला. बायको त्याच्या साथीवर गाणार होती ते गाणं चार सूर खाली उतरवलं. तिथे एफची गरजच नव्हती.

"ही पट्टी तुला शोभते," असंही वर सांगितलं.

बायको ग्रंथपाल. आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात गेलेलं. निवृत्तीच्या समारंभात एकदा मोकळ्या गळ्याने गावं, एवढीच तिची हौस. खालच्या पट्टीत तिचा आवाज लागेना. एका संध्याकाळी तिने तालीम मध्येच थांबवली.

"अहो, आवाज गेला माझा. सांगून टाकते त्यांना, गाणं नको म्हणून."

"घाई कशाला?"

"मग काय, स्टेजवर जाऊन घोगरं गाऊ? बरं, एकदा गाऊन बघते. तिथेही नाही लागला, तर पुन्हा गाण्याचं नाव काढायचं नाही."

आवाज धडधाकट होता. त्यानेच तो तळघरात कोंडला होता. खरं सांगायची त्याची पूर्ण तयारी होती, फक्त आधी एफ यायला हवा होता.

शेवटी त्याने आपल्या कवळ्यांच्या दुकानात स्वतःच्या तर्जनीचा साचा घेतला आणि हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याचं टोपण घडवलं. आतून बोटाबरहुकूम, खालून सपाट. समारंभाच्या सकाळी ते चढवून तारा छेडल्या. सहाच्या सहा बोलल्या.

"आज मूळ पट्टीत गा," तो म्हणाला.

"आज? आणि हे काय बोटाला?"

"आधार."

वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिली रांग ज्येष्ठ सभासदांची होती. तिच्यातले निम्मे दात त्याच्याच हातचे. सगळे त्याच्याकडे बघून हसले आणि त्याला घाम फुटला. कवळी ओलाव्याने टिकते, टोपण ओलाव्याने निसटतं, हा फरक त्याच्या अनुभवात आजवर आला नव्हता.

पहिलं कडवं सुखरूप पार पडलं. दुसऱ्यात बायकोचा आवाज वर चढत गेला, मोकळा, स्वच्छ, आणि त्याच वेळी टोपण सुटलं, टणटणत गेलं आणि पहिल्या रांगेसमोर थांबलं.

सभासदांनी त्या गुलाबी वस्तूकडे पाहिलं. मग हळूच एकेक हात तोंडाशी गेला. जिभांनी आतून हजेरी घेतली.

"कुणाची?" एका निवृत्त न्यायाधीशांनी दबक्या आवाजात विचारलं.

"माझी जागेवर आहे," शेजारचे म्हणाले. "तुम्ही बघा."

बायकोने खाली पाहिलंही नाही. एफची पाळी आली. त्याने उघडी तर्जनी जीव खाऊन दाबली. दोन तारा बोलल्या, बाकीच्या घरघरल्या, आणि ती त्या घरघरीवरून सरळ वरच्या सुरावर जाऊन उभी राहिली.

टाळ्या थांबेनात. ती त्याच्याकडे झुकली.

"आवाज आहे की माझा."

"आहे ना."

"मग इतके दिवस मी खाली का गात होते?"

त्याने तोंड उघडलं. तिने त्याच्या तर्जनीवरच्या तारांच्या लाल खुणा पाहिल्या, मग त्याच्याकडे पाहिलं.

"घरी बोलू," ती म्हणाली. "ते अजून एक मागताहेत. घ्या दुसरं, याच पट्टीत."

दुसरं गाणं एफपासूनच सुरू होत होतं. त्याने बोट पँटला पुसलं आणि तारांवर आडवं टाकलं.