सिएलोमार टायर आणि युंगासचा उलटा घाट

एलेउतेरियोच्या मिनीबसची मी धर्ममाता आहे. पोराबाळांच्या धर्ममाता गल्लोगल्ली सापडतात, पण गाडीची धर्ममाता व्हायला छाती लागते. गाडी नवी आली तेव्हा तिच्या चारही चाकांवर मी बियर ओतली, बॉनेटवर मी हार घातले, आणि धर्मगुरूंनी पाणी शिंपडताना तिचं दार धरून मीच उभी होते. तेव्हापासून तिला साधा ओरखडा आला तरी लोक माझ्याकडे बघतात. म्हणून एलेउतेरियोने मला न विचारता तिला सिएलोमारचे टायर चढवले, तेव्हा माझं डोकं सणकलं.

मी स्वतः उंच पठारावरच्या एल आल्तो शहरात मिनीबस चालवते. घेरदार झगा, दोन वेण्या, हॅट, सगळं सांभाळून गिअर टाकते. बासिलिया लारुताच्या, म्हणजे माझ्या, गाडीत पहिल्यांदा बसणारा माणूस जरा दबकून बसतो आणि उतरताना आभार मानतो. तर टायरमधलं मला कळत नाही, असं कोणी म्हणू नये.

सिएलोमार हा कुठल्या देशाचा माल, हे बाजारातल्या एउफ्रोनियाबाईंनाही सांगता आलं नाही. बाई टायरच्या ढिगावर बसून मक्याचे दाणे खात होत्या. त्यांनी फक्त लेबलवर बोट ठेवलं आणि सगळ्या ऋतूंत चालतो म्हणाल्या. लेबलवर ओळीने चार चित्रं होती. बर्फाची चांदणी, पावसाचे थेंब, एक पान आणि सूर्य. बर्फ, पाऊस आणि सूर्य आमच्या रोजच्या ओळखीचे. पानाचंही कोडं पडलं नाही, कारण आमच्याकडे पान म्हणजे कोकाचं पान, थकवा पळवायला दिवसभर चघळतात ते. दुसरं कुठलं पान कोणी कशाला छापेल? त्या पानांची पाचर गालात धरल्याशिवाय ज्याला स्टिअरिंग धरवत नाही, त्या ड्रायव्हरच्या टायरवर कोकाचं पान असणं आम्हाला अगदी रास्त वाटलं. कंपनीला आपली कदर आहे, असं काही जण म्हणाले.

स्वस्त म्हणून आमच्या ड्रायव्हरांच्या संघटनेतल्या अर्ध्या लोकांनी ते टायर घेतले, आणि मग एकेकाचे अनुभव थांब्यावर कानी येऊ लागले. त्यातल्याच विल्डरच्या गाडीवर एका सकाळी बर्फ पडलं. टायर असे चालले की काय सांगावं, जरासुद्धा घसरले नाहीत. दुपारी ऊन पडलं आणि गाडी चौकात जागच्या जागी थांबली. इंजिन चालू, चाकं ढिम्म. मेकॅनिकने हात टेकले. शेवटी समोरच्या खानावळीतल्या बाईने वैतागून भांडी घासलेलं पाणी चाकांवर फेकलं, तशी गाडी पुढे सरकली आणि पुन्हा अडली. मग विल्डरने गालातली पाचर काढून चाकाखाली ठेवली. चाकं त्यावरून गेली आणि ऊन पाहून खुशाल धावायला लागली.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. टायर सगळ्या ऋतूंत चालत होते, पण लेबलवरच्या चित्रांच्या क्रमानेच. बर्फानंतर पाऊस, पावसानंतर पान, पानानंतर ऊन. मधलं एक जरी गाळलं तरी पाय रोवून उभे. त्या दिवसापासून प्रत्येक जण गाडीत बादली आणि कोकाची पुडी ठेवू लागला, आणि तक्रारी बंद झाल्या. आमच्या लोकांची सवयच तशी आहे. अडचणीचा नियम एकदा कळला की अडचण राहिली असं आम्हाला वाटत नाही.

खाली युंगासच्या गरम दऱ्यांत जाणाऱ्या लाईनवरच्यांनी तर टायर डोक्यावर घेतले. त्यांचा रस्ता एल आल्तोखालून निघतो, घाटमाथ्यावर बर्फात शिरतो, मग धुक्यापावसात उतरतो, मग कोकाच्या मळ्यांतून जातो आणि कोरोइको गावाच्या रणरणत्या उन्हात संपतो. बर्फ, पाऊस, पान, सूर्य. लेबल म्हणजे आपल्याच रस्त्याचा नकाशा, असं म्हणत तिघे जण शिट्या वाजवत खाली उतरले. ते परत आलेच नाहीत. वर चढताना सगळं उलटं येतं, आणि टायर उलटं ऐकत नव्हते. तिघांच्या गाड्या कोरोइकोत उभ्या होत्या. एकाने तिथे कॉफीचा मळा लावला, आणि एक तर लग्न करून मोकळा झाला.

आणि हे सगळं ठाऊक असताना, युंगासच्याच लाईनवर असलेल्या आमच्या एलेउतेरियोने तेच टायर चढवले. तो म्हणाला, बादली आहे, कोका आहे, बर्फाचंही काहीतरी बघू.

त्याची बायको निकोलासा त्याच दिवशी घर सोडून गेली. ती भांडकुदळ बाई नाही. पण तिचे वडील, ज्यांना सगळे मानाने डॉन पोलिकार्पो म्हणायचे, जन्मभर त्याच रस्त्यावर ट्रक चालवत होते. जुना रस्ता होता तेव्हापासून, जेव्हा एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसायचं. माणसाची किंमत त्याच्या टायरवरून कळते, असं ते सांगायचे. मार्चमध्ये ते गेले. निकोलासाचं म्हणणं एवढंच होतं की ज्या वर्षी ताता गेले, त्याच वर्षी याने स्वस्तातलं रबर आणलं, म्हणजे याला ना त्यांची किंमत ना माझी.

ती कोरोइकोला वडिलांच्या जुन्या घरी गेली. सर्वसंतांचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी दुपारी बारा वाजता आपले गेलेले लोक घरी येतात आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या टेबलावर जेवतात. पहिल्या वर्षी टेबल चुकलं, तर आलेला जीव उपाशी फिरतो आणि पुन्हा त्या दाराशी येत नाही. टेबल एल आल्तोतल्या घरीच मांडायचं होतं, कारण तिथल्या थांबा दिसणाऱ्या खिडकीत बसणं तातांना आवडायचं. पण भाकरी मात्र निकोलासाला तातांच्याच मातीच्या भट्टीत भाजायच्या होत्या. तिने निरोप पाठवला की मला आणि भाकऱ्यांना न्यायला त्याच टायरवर ये. बाराच्या आत पोचवलंस तर मी घरी राहीन. नाहीतर तूही कॉफी लाव.

एलेउतेरियो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. मी त्याला यथेच्छ सुनावलं आणि मग गाडीत जाऊन बसले. धर्ममाता आहे, करते काय.

खाली जाताना गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी मनातून चिडले, कारण मला नावं ठेवायला जागाच मिळेना. कोरोइकोत पोचलो तर निकोलासा भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन अंगणात उभी. माणसाच्या आकाराच्या भाकऱ्या, प्रत्येकीला रंगवलेला चेहरा, आणि सगळ्यात मोठीला तातांसारख्या मिशा. तिने मला मिठी मारली आणि नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सर्वसंतांच्या दिवशी, उजाडताच निघायचं ठरलं, आणि चाकं हलेनात. त्यांचं ऊन झालं होतं, आता त्यांना बर्फ हवं होतं. एलेउतेरियोने पळत जाऊन चौकातून बर्फाच्या कांड्या आणल्या आणि चारही चाकांखाली ठेवल्या. चाकं तसूभरही हलली नाहीत. कांड्या पॅशनफ्रूटच्या होत्या. कॉफीवाला ड्रायव्हर कुंपणावर रेलून बघत होता. तो म्हणाला, आम्ही लिंबाच्यासुद्धा करून पाहिल्या.

निकोलासाने टोपल्या गाडीतून उतरवायला घेतल्या. रागाने नव्हे, अगदी हळू. एलेउतेरियोने ते पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान तिच्या दारातून गाडी बाजूला घ्यावी म्हणून त्याने मान खाली घालून रिव्हर्स टाकला.

गाडी सुसाट मागे गेली. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून चढावर, दोन कोंबड्या उडवत. उलटं फिरणारं चाक लेबलही उलटं वाचतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सूर्य, पान, पाऊस, बर्फ. चढाचा रस्ता तंतोतंत.

"निको, बस," तो खिडकीतून ओरडला. "आता थांबलो तर हिला पुन्हा समजवायला लागेल."

ती टोपल्यांसकट धावत चढली. मी मागच्या काचेला नाक लावून गुडघ्यांवर बसले, कारण आता तीच पुढची काच होती. "कोंपाद्रे, डावीकडे. अहो, माझं डावं. तुमचं नव्हे," असं सांगत मी सगळा घाट चढवला; गाडीच्या धर्ममातेला तिचा मालक कोंपाद्रे, म्हणजे धर्मनात्यातला भाऊ. एलेउतेरियो मान वळवून माझ्याकडे बघत चालवत होता. निकोलासा तेवढी सरळ बसली होती, सुटत जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून.

नाक्यावरच्या पोलिसाने आम्हाला थांबवलं. तुम्ही जाताय की येताय, एवढंच त्याला लिहायचं होतं. दिवे बघितले तर आम्ही जात होतो, धूर बघितला तर येत होतो. त्याने डोकं खाजवलं आणि दोन्ही लिहिलं. या सगळ्यात सूर्य वर आला होता. मी हिशोब केला. बाराला पोचणं शक्य नव्हतं. एलेउतेरियोलाही ते कळलं असावं, कारण त्याने गालातली पाचर थुंकली.

धुक्यात शिरलो तेव्हा निकोलासा म्हणाली, "मागून कोणीतरी येतंय."

मागे म्हणजे समोरच्या काचेतून. मी वळून पाहिलं. तपकिरी हॅट घातलेला एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध चालत येत होता, कोट खांद्यावर टाकून. गाडी वळणावर हळू झाली की तो जवळ यायचा, सरळ रस्त्यावर मागे पडायचा. जन्मभर ज्या रस्त्यावर चालवलं, त्याशिवाय तो कुठून येणार होता? गाडी सरळ चालवली असती तर तो आम्हाला दिसलाच नसता.

"एलेउतेरियो, थांब," निकोलासा म्हणाली. "तातांना घे."

गाडी थांबली. म्हाताऱ्याने दार सरकवलं, चढण्याआधी पुढच्या टायरला बुटाने एक ठोकर मारली आणि मग ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. एलेउतेरियोला मान वळवून ठेवावी लागत होती, त्यामुळे शेजारी कोण बसलंय ते त्याला नीट बघता येईना. त्याने फक्त घाबरत विचारलं, "डॉन पोलिकार्पो, बरे आहात ना?"

"क्लच अर्धवट दाबून ठेवू नकोस," म्हातारा म्हणाला.

घाटमाथ्यावरच्या बर्फात कुत्री रस्त्याकडेला भाकरीची वाट बघत बसलेली असतात. निकोलासाने त्यांना एक भाकरी टाकली, आणि म्हाताऱ्याने काय करतेस म्हणून तिला दटावलं, कारण ती भाकरी त्याच्या वाट्याची होती. ती हसली. मार्चनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते. शेजारणी दारात जमून तोंडं वाकडी करत होत्या. बाप येऊन रिकाम्या टेबलावरून परत गेला असणार, असं एकीने ऐकवलंसुद्धा. निकोलासाने दार सरकवलं, आत हात दिला आणि म्हणाली, "ताता, पायरी सांभाळून." पाहुणाच आमच्याबरोबर होता, तर उशीर कसला? शेजारणी बाजूला झाल्या आणि त्यातल्या दोघी पटकन टेबल मांडायला लागल्या.

म्हातारा खिडकीजवळ बसून पोटभर जेवला. मिशांची भाकरी त्याने शेवटी खाल्ली. टायर स्वस्तातलेच आहेत, असं तो दोनदा म्हणाला. मग हात झटकून लेकीला म्हणाला, "पण एवढा घाट मान मोडून उलटा कोणासाठी चढवतो गं कोणी?" निकोलासाने नवऱ्याच्या मानेला कोमट तेल लावलं. मान दोन दिवस सरळ होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलेले जीव परत जातात, म्हणून तातांना निरोप द्यायचा होता. चालत जातो म्हणाले, पण निकोलासाने ऐकलं नाही. आम्ही चौघं निघालो, या वेळी गाडीचं तोंड पुढे. घाटमाथा ओलांडून धुक्यात त्या वळणावर आलो तेव्हा म्हाताऱ्याने हात वर केला, रोज उतरणारा माणूस करतो तसा. उतरला, टायरला आणखी एक ठोकर मारली आणि कोट खांद्यावर टाकला.

एलेउतेरियोने रिव्हर्स टाकला. गाडी मागे मागे चढू लागली. मी मागच्या काचेतून डावं-उजवं सांगत होते, म्हणून मला नीट पाहता आलं नाही. पण निकोलासा तिच्या जागेवर सरळ बसली होती, आणि समोर रस्त्यात तिचे वडील उभे होते. माणूस निरोप देऊन निघाला की त्याची पाठ होते, मान वळवून वळवून किती बघणार. तिची पाठ झालीच नाही. हॅट धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते तिच्याकडे.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या वाकड्या मानेवर हात ठेवला.

"हे टायर बदलायचे नाहीत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही लागतील."